पाण्याचा प्रश्न आणि महाडची भाषणे

चि. अनया हिस,


महाडचे चवदार तळे अस्पृश्यांना कागदोपत्री सत्याग्रहाच्या आधीच खुले झाले होते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना मोकळे करणारा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसे ठरवले. पण तळ्याची पायरी उतरायला कोणी धजावले नाही. हक्क दप्तरात पडून होता, दुःख पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. या दोहोंची गाठ घातली ती भाषणांनी.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. त्या मुलुखात अस्पृश्यांपैकी पलटणीतून निवृत्त झालेले पेन्शनर बरेच. डॉ. आंबेडकरांनी त्यांच्या पलटणीतल्या आठवणींना हात घातला: एकेकाळी लष्करात मान मिळवलेल्या समाजाला पुढे भरतीच बंद झाली. मग मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्ट्या तुकड्यांवर जगू नका, मुलांना शिकवा, असे त्यांनी बजावले. भाषणाचे खरे बळ इथे आहे. नुसता अन्याय वर्णिला तर संताप मंडपातच विरतो. स्वतःच्या हातात काय आहे हे ज्याला उमगले, तो उठून चालू लागतो.

आणि माणसे खरोखर चालू लागली. परिषद आटोपताना अनंतराव चित्रे यांनी तळ्यावर जाण्याची सूचना केली आणि मिरवणूक शिस्तीने निघाली. आंबेडकर पायऱ्या उतरले, त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. मागून इतरांनी घेतले. थोड्याच वेळात हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींना मारहाण झाली. आवई हेही वक्तृत्वच, फक्त ते भीतीवर पोसलेले. पुढे शेण-गोमूत्राने तळे 'शुद्ध' करण्यात आले.

सत्याग्रहासाठी त्याच वर्षी २५ डिसेंबरला भरलेल्या दुसऱ्या परिषदेत आंबेडकरांनी प्रश्नाचे नावच बदलले. हे पाणी प्यालो नाही म्हणून कोणी मरणार नाही. इतरांसारखी आम्हीही माणसे आहोत हे सिद्ध करायला तळ्यावर जायचे, असा त्यांचा आशय होता. या सभेची तुलना त्यांनी १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रसभेशी केली. कोकणातल्या एका तळ्याचे भांडण एका भाषणात समतेच्या जागतिक लढ्याशी जोडले गेले. त्याच रात्री मनुस्मृती जाळण्यात आली. ती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते.

सर्वांत अवघड भाषण मात्र थांबवण्याचे होते. तळ्याबाबत दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम आला होता आणि माणसे तुरुंगात जायला तयार होती. तापलेला जमाव पुढे ढकलणे सोपे. त्याला मागे घ्यायचे तर बोलणाऱ्यावर लोकांचा पुरा विश्वास हवा. आंबेडकरांनी सत्याग्रह तहकूब करायला लावला. मिरवणूक तळ्याला वळसा घालून परतली, पाण्याला कोणी हात लावला नाही. मग स्त्रियांच्या सभेत ते लुगडे नेसण्याच्या पद्धतीबद्दल आणि अस्पृश्यतेची खूण ठरलेल्या जड दागिन्यांबद्दल बोलले. चळवळ अशी घरात पोचली.

तळ्याबाबतचा हा दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

कळावे,
तुझा मामा