काज-बटण

आपल्या मंडळात ब्लाऊज शिवणाऱ्या पुष्कळजणी आहेत. फॉल-पिको तर कितीतरी घरांत होतं. पण काज म्हटलं की सगळ्यांचे हात आखडतात. त्याला कारणही आहे. तिकडे आपल्या घरी जी काळी उषा किंवा सिंगर होती, ती फक्त सरळ टीप मारायची. काज हातानं करायचं, नाहीतर काज-बटणवाल्याकडे कपडा टाकायचा. इथे न्यू जर्सीत काज-बटणवाला कुठून आणणार?

मला काजांकडे वळावं लागलं ते सासूबाईंमुळे. आईंची बोटं संधिवातानं वाकली आहेत. ब्लाऊजचे हूक त्यांना लावता येईनात. सकाळी मी कामावर निघायच्या घाईत असे आणि आई खोलीच्या दारातून हळूच विचारत, "अगं, जरा येतेस का?" पुढे पुढे त्यांनी हाक मारणंच सोडलं. मी लवकर निघाले, तर शाल पांघरून खोलीतच बसायच्या. कोणी भेटायला आलं तरी "बरं वाटत नाही" म्हणायच्या. तब्येत ठीक होती. अडलं होतं ते सहा हुकांपाशी.

मग हुकांच्या जागी मोठी चपटी बटणं लावायचं ठरवलं. माझ्या मशीनवर काजाची आपोआप सोय नाही, पण झिगझॅग आहे. तेवढं पुरतं.

आधी माप. बटणाचा व्यास अधिक जाडी, एवढी काजाची लांबी. आईंच्या पाऊण इंची बटणांसाठी मी त्यात सूतभर वाढवलं. अंगाबरोबरच्या ब्लाऊजला काज आडवं हवं. ताण बसला की बटण काजाच्या टोकाशी जाऊन अडकतं, सुटत नाही. पुरुषांच्या शर्टातही कॉलरच्या पट्टीचं काज आडवं असतं, खालची उभी. आडवं काज मधल्या रेघेच्या सूतभर पुढे, काठाच्या बाजूनं सुरू करावं. दोन पदरांत अस्तराची पट्टी घालावी, म्हणजे कापड चुरगळत नाही.

खडूनं रेघ आखा. झिगझॅगची रुंदी निम्म्याहून कमी ठेवा, टाक्याची लांबी जवळजवळ शून्य, मात्र कापड सरकलं पाहिजे. रेघेच्या डाव्या अंगानं शिवत टोकाला या. सुई उजवीकडे कापडात रुतलेली असताना फूट उचला आणि कापड अर्धं फिरवा. आता फूट टेकवा, सुई वर घ्या, रुंदी पूर्ण करा, आणि दोन्ही बाजू कवेत येतील असे पाच-सहा टाके जागच्या जागी मारा. पुन्हा रुंदी कमी करून दुसरी बाजू शिवा. दोन्ही बाजूंमध्ये केसाएवढी फट राहू द्या, कापायला तीच लागते. दुसऱ्या टोकालाही तसेच आडवे टाके मारा आणि रुंदी शून्य करून दोन-तीन टाक्यांनी दोरा पक्का करा.

कापताना छातीत धस्स होतं. म्हणून दोन्ही टोकांना आडव्या टाक्यांच्या आतल्या बाजूनं एकेक टाचणी खोवा आणि सीम रिपरनं टोकाकडून मध्याकडे कापा. टाचणीपुढे पातं जात नाही. तेच कापड, तेवढेच पदर घेऊन आधी चिंधीवर एक काज करून बघायचंच. बटण शिवताना खाली आगपेटीची काडी ठेवा. काडी काढून बटणाच्या बुडाशी दोरा गुंडाळला की बटण थोडं उचललेलं राहतं आणि वाकड्या बोटांत सहज येतं.

पहिल्या दिवशी पाच बटणं लावायला आईंना दहा मिनिटं लागली. मी पुढे झाले, तर म्हणाल्या, "तू जा, तुला उशीर होईल." आता त्यांचे सात ब्लाऊज तसेच आहेत.

उन्हाळ्यात आपल्यापैकी बऱ्याचजणींकडे आईवडील, सासूसासरे येतील. त्यांना काय लावता येत नाही, हे ते आपणहून सांगणार नाहीत. हूक, चेन, बारीक गुंड्या एकदा तुम्हीच बघून घ्या. आणि काजाची भीती वाटली तर चिंध्या घेऊन माझ्याकडे या. चहा माझा, दोरा तुमचा.