सरासरीचा ताळा

आम्ही दोघेही तालुक्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. भौतिकशास्त्राशी आमचा संबंध दहावीलाच संपला. तेव्हा क्ष-किरण आणि इलेक्ट्रॉन यांविषयी लिहिण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारल्यास आमच्याजवळ उत्तर नाही. पण एक निमित्त घडले, आणि लिहिल्यावाचून राहवेना.

गेल्या मार्चमध्ये विभागाचा वार्षिक अहवाल लिहीत होतो. द्वितीय वर्षाची सरासरी उपस्थिती आदल्या वर्षीइतकीच, ७१ टक्के भरली. "चला, सरासरी जुळली," असे उद्गार निघाले. शेजारच्या टेबलावर उत्तरपत्रिका तपासत बसलेले भौतिकशास्त्राचे सहकारी हसून म्हणाले, "सरासरीवर तर बोरसाहेबही फसले होते, सर!" मग चहा आला आणि त्यांनी सगळी हकिकत सांगितली.

१९२३ साली आर्थर कॉम्प्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. ग्रॅफाइटवर क्ष-किरण सोडले असता विखुरलेल्या काही किरणांची तरंगलांबी वाढलेली आढळते. म्हणजे त्यांची ऊर्जा घटलेली असते. कॉम्प्टनचे स्पष्टीकरण असे की प्रकाशकण इलेक्ट्रॉनवर आदळतो आणि आपल्याजवळची थोडी ऊर्जा त्याला देऊन पुढे जातो. त्याने वापरलेल्या किरणांतील एका कणाची ऊर्जा सुमारे १७,५०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट. तो काटकोनात वळला तर त्यातले पावणेसहाशेच्या आसपास इलेक्ट्रॉनच्या पदरात पडतात. एकाचे जेवढे गेले, तेवढेच दुसऱ्याला मिळाले. हिशेब चोख.

पण नील्स बोर यांना प्रकाशाचे कण ही कल्पनाच पटत नव्हती. लहरींच्या आधारे इतके काही उलगडले असताना कण कशाला? १९२४ साली बोर, क्रामर्स आणि स्लेटर या तिघांनी एक निराळीच मांडणी केली. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम प्रत्येक घटनेत पाळला जातो असे धरू नये. तो असंख्य घटनांच्या सरासरीत तेवढा खरा आहे, असे त्यांचे म्हणणे. एखाद्या इलेक्ट्रॉनला धक्का बसेल, पण त्याच क्षणी किरणाने काही गमावलेले असेलच असे नाही. कुठे थोडे जास्त, कुठे थोडे कमी. शेवटी बेरीज जुळते. आइन्स्टाइन यांना हे मुळीच रुचले नाही.

जुन्या दुकानदारांच्या भाषेत सांगायचे तर, वर्षअखेरचा ताळेबंद जुळतो एवढ्यावर या तिघांचे समाधान होते. रोजकीर्द तपासायचे काम बर्लिनमधल्या बोटे आणि गायगर यांनी केले. त्यांनी दोन गणित्रे समोरासमोर ठेवली. एक धक्का खाल्लेला इलेक्ट्रॉन टिपणार, दुसरे विखुरलेला किरण. दोन्हींच्या नोंदी सरकत्या फिल्मवर शेजारी शेजारी उमटत होत्या. इलेक्ट्रॉन आणि किरण एकाच वेळी निघतात का, एवढाच प्रश्न होता. आणि 'एकाच वेळी' म्हणजे सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागाच्या आत! प्रत्येक नोंदीची जोडी काही सापडली नाही. उपकरणाच्या हाती सगळेच कण लागत नसतात. पण ज्या जोड्या सापडल्या, त्या केवळ योगायोगाने पडाव्यात त्याहून कितीतरी अधिक होत्या. त्याच १९२५ साली कॉम्प्टन आणि सायमन यांनी मेघकोष्ठात एकेका इलेक्ट्रॉनची वाट पाहिली. तिची दिशाही हिशेबाप्रमाणेच निघाली. नियम सरासरीत नव्हे, प्रत्येक टकरीत पाळला जातो हे ठरले. बोर यांनीही ते मान्य केले.

चहा संपला. अहवालाचा कागद तसाच पुढ्यात होता. आम्ही हजेरीपट काढला आणि प्रथमच टक्केवारी सोडून एकेक नाव वाचू लागलो.

तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाच्या नावापुढे दिवाळीपर्यंत सलग हजेरी होती. दिवाळीनंतर एकही नाही. त्याच सुमारास एसटीची वेळ बदलली होती आणि चार-पाच मुली नियमित येऊ लागल्या होत्या. त्यांच्या अधिकाने त्याचे उणे झाकले गेले. बेरीज जुळली होती. तो मात्र वर्गात नव्हता, आणि हे चार महिने आमच्या ध्यानात आले नव्हते.

वर्गातल्या मुलांकडून कळले, की तो आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला आहे. दोन दिवसांनी फोन लागला. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता. त्याने पहिला प्रश्न विचारला, "सर, माझं नाव कमी केलं का?" नाव कमी झालेले नव्हते. पण परीक्षेच्या अर्जाची मुदत टळून गेली होती. ते त्याला सांगताना आमची जीभ जड झाली.

विज्ञानातल्या नियमाचा नीतिपाठ करण्याची खोड आम्हा साहित्यवाल्यांना आहे. मुलगा म्हणजे इलेक्ट्रॉन नव्हे, आणि निसर्गाला कोणाची काळजी नसते, हे आम्हांस ठाऊक आहे. आमच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बजावली होती : हिशेब प्रत्येक टकरीत चोख असला, तरी कोणता कण कोणत्या दिशेला वळेल हे आधी सांगता येत नाही. अनिश्चितता राहतेच. कोणाच्या घरी काय ओढवेल हे आम्हांलाही सांगता आले नसते. नोंद ठेवणे मात्र आमच्या हाती होते.

अहवालात ७१ टक्केच लिहिले. त्या नमुन्यात दुसरे काही लिहायला रकाना नाही. जूनपासून मात्र वर्गात डोकी मोजणे आम्ही सोडले आहे. नाव घेऊन हजेरी घेतो. पाच-सात मिनिटे जातात.