बारावा पडदा

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आहे. येशील पणजीला?" मी देवळात आरतीला पेटी वाजवणारा माणूस. गिटारीची एक कॉर्ड मला धड धरता येत नाही. तरी येतो म्हटलं, कारण जुनी बोच आहे.

२००६ साली मुलासाठी अशीच एक घेतली होती. लालभडक, आरशासारखी चकचकीत, आणि मुख्य म्हणजे 'फॉरेनची'. आपल्या गोव्यात या शब्दाची काय जादू ती तुम्हाला वेगळी सांगायला नको. बोटीवर कामाला असलेल्या शेजाऱ्याने दिलेला साबण वास उडेपर्यंत कपाटात जपणारी माणसं आपण! रंग पाहिला, वरचं इंग्रजी नाव पाहिलं, पैसे मोजले. पोरगा वर्षभर झगडला. बोटं सोलून निघायची, आणि हात वरच्या पडद्यांवर गेला की सूर हमखास बिघडायचा. मी पेटीपुढे बसून त्याला सुनवायचो, "आधी कान तयार कर." शेवटी गिटार माळ्यावर गेली. बऱ्याच वर्षांनी बँडमध्ये वाजवणाऱ्या एका ओळखीच्याने ती खाली काढली, बंदुकीसारखी डोळ्याला लावली आणि म्हणाला, "मान पिळलेली आहे हिची. हिच्यावर कोणीही बेसूरच वाजवणार."

त्यानंतर मी त्याच्याकडून गिटार पारखायला शिकलो. वाजवायला नव्हे.

दुकानात गेल्या गेल्या तिथल्या पोराने वायर खुपसली आणि असा काही गडगडाट केला की भाच्याचे डोळेच चमकले. त्या गडगडाटात भंगारसुद्धा खपून जाईल. मी म्हटलं, वायर काढ. मग मान डोळ्याला लावून पाहिली. थोडा बाक असला तर चालतो, आतली लोखंडी सळी फिरवून तो काढता येतो. पीळ मात्र निघत नाही. मग भाच्याला प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर एकेकदा छेडायला लावली. पेटी घेताना आपण एकेक पट्टी दाबून बघतो ना, तसं. कुठे तार झणझणते, कुठे आवाज मरतो, ते कळतं. दुकानदार घड्याळाकडे बघत होता. बघू दे.

मग बारावा पडदा. या जातीच्या बऱ्याच गिटारींत तारेची वाजती लांबी साधारण ६४८ मिलिमीटर असते, आणि बारावा पडदा तिच्या अर्ध्यावर, ३२४ वर. तिथे तारेला बोट नुसतं टेकवून छेडलं की घंटेसारखा स्वर निघतो. मग तीच तार तिथेच दाबून छेडायची. दोन्ही स्वर एक आले पाहिजेत. इथे पेटीवाल्याचा कान उपयोगी पडतो. आले नाहीत म्हणून लगेच नाक मुरडू नये. खाली ब्रिजवर तारेखालचा तुकडा स्क्रूने मागेपुढे सरकतो. ते आपल्यासमोर करून मागावं. तारांची उंची, खरखरणारं बटण, सैल खुंट्या, सगळं थोडक्या पैशांत सुधारतं. वरखाली बसलेले पडदे घासून सारखे करायला मात्र जाणता कारागीर लागतो, आणि स्वस्त गिटारीला तो खर्च परवडत नाही.

भाच्याचा प्रश्न, "जपानची चांगली की इंडोनेशियाची?" फेंडरने १९८२ साली स्क्वायर हे नाव काढलं तेव्हा त्या गिटारी जपानमध्ये बनत, पुढे कोरिया, चीन, इंडोनेशिया झालं. चांगलीवाईट सगळीकडे निघते. दुकानात यामाहाच्या एकाच मॉडेलच्या, एकाच किमतीच्या दोन होत्या. लालवर तिसरी तार चौदाव्या पडद्यावर झणझणत होती, काळी स्वच्छ. (या यामाहाचा मूळपुरुष तोराकुसू यामाहा. त्याने १८८७ साली हामामात्सूच्या एका शाळेतला पट्ट्यांचा ऑर्गन दुरुस्त केला, तिथून हा पसारा. म्हणजे आपल्या पेटीच्याच घराण्यातला! असो.)

भाच्याला लाल हवी होती. दुकानदार म्हणाला, "गोदामातून नवी पेटीबंद लाल काढून देतो." मी म्हटलं, पेटीबंद नको, ही हातातली काळीच द्या. भाचा जरा हिरमुसला. मानेच्या कडेवरून तळवा फिरवला, पडद्यांची टोकं कुठे टोचली नाहीत. शेवटी वायर लावून बटणं फिरवली, आवाज तुटला नाही. घेतली. पावसाळ्यात लाकूड फुगलं की एकदा दाखवून घे, तारा वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसत जा, एवढं बजावलं.

गेल्या रविवारी बहिणीकडे जेवायला गेलो. मुलगाही आला होता. त्याने ती काळी गिटार मांडीवर घेतली, सरळ बाराव्या पडद्याच्या वर गेला आणि पानं वाढली तरी तिथेच वाजवत राहिला. मी एका शब्दाने बोललो नाही.