लॅबचे फोन कशाने पडत होते

२०१७चा मे महिना संपत आला होता. पुण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे फोन मी बघायचो. अ‍ॅस्टेरिस्क १३ या फोन एक्सचेंजच्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर, त्यावर सगळ्या शाखांची एक्स्टेन्शन. एका सकाळी रिसेप्शनवरच्या ताईंचा मोबाइलवरून फोन आला, “दादा, बोलता बोलता सगळ्यांचे फोन कट झाले.” मी लॉगिन करेपर्यंत सर्व्हर आपोआप पुन्हा चालू झाला होता. दुपारी परत तेच.

इंटरनेटची लाइन तपासली, यूपीएस तपासला. कोअर डंप उघडले, तर सर्व्हर दर वेळी वेगळ्याच ठिकाणी पडलेला. असं दिसलं की संशय रॅमवर जातो. ती बदलली. संध्याकाळपर्यंत बरं चाललं, मग पुन्हा कट. रिपोर्ट विचारणाऱ्या पेशंटची बोलणी ताईच खात होत्या. मला तिकडे जायचा संकोच वाटू लागला.

मग ५०६० पोर्टवरची सगळी पॅकेट टीसीपीडंपने साठवायला लावली. पुढच्या वेळी फोन पडले तेव्हा मागे जाऊन पाहिलं. अनोळखी आयपीवरून एक सिप पॅकेट आलं होतं. सीसेक हेडर भलतंच लांब, आणि व्हाया हेडरमध्ये ब्रँच नाहीच.

एवढं धरून शोधलं आणि सापडलं. हा दोष त्याच महिन्यात जाहीर झाला होता: सीव्हीई-२०१७-९३७२. ब्रँच नसलं की अ‍ॅस्टेरिस्कच्या आतलं सिप हाताळणारं पीजेसिप १९९९च्या जुन्या सिप नियमांप्रमाणे त्या विनंतीची ओळख तयार करतं. त्यासाठी राखलेली जागा अपुरी होती. जादा मजकूर बाहेर सांडायचा, मेमरीचा हिशेब बिघडायचा आणि सर्व्हर नंतर दुसरंच काही करताना कोसळायचा. म्हणून डंप चकवत होते. फेलटूबॅन होतं, पण ते चुकीचे पासवर्ड मोजून अडवतं. इथे पासवर्ड विचारायची वेळच येत नव्हती.

रात्री लॅब बंद झाल्यावर १३.१५.१ टाकलं, त्याच्यासोबत येणारं दुरुस्त पीजेसिप घेऊन. पीजेसिप वेगळं बसवलेलं असेल तर तेही बदलायला हवं, नुसतं अ‍ॅस्टेरिस्क बदलून दोष जात नाही. पीजेसिपऐवजी जुनं चॅन-सिप वापरणाऱ्यांना मात्र याची झळ नव्हती.

फायरवॉलमध्ये ५०६० फक्त शाखा आणि ट्रंकवाल्यांच्या आयपींना उघडं ठेवलं. घरून एक्स्टेन्शन वापरणाऱ्या डॉक्टरांना व्हीपीएन दिलं. ते कुरकुरले, आणि साहजिकच होतं. रात्री तातडीचा रिपोर्ट सांगायचा असताना आधी व्हीपीएन लावत बसणं कोणाला आवडेल?

त्या आयपीवरून पॅकेट नंतरही येत राहिली, पण फायरवॉलच्या पुढे गेली नाहीत. टीसीपीडंपची साठवण मी तेव्हापासून चालूच ठेवतो. डिस्क भरू नये म्हणून जुन्या फाइली आपोआप पुसल्या जातात.