गंज पेठेतले सावित्रीमाईचे घर

आपल्या समाजात फिरायला जाणे म्हणजे तारखेला जाणे. सहा डिसेंबरला चैत्यभूमी, एक जानेवारीला भीमा कोरेगाव, वीस मार्चला महाड आणि अशोक विजयादशमीला ज्याला जमेल त्याने नागपूर. रजा, गाडीभाडे, पोरांची शाळा, सगळे त्या हिशेबाने बसवलेले असते. रांगेत उभे राहिलो, वंदन केले, स्टॉलवरून एखादे पुस्तक आणि कॅलेंडर घेतले की वर्षभराची शिदोरी झाली! पण बिनतारखेला, गर्दी नसताना, एखाद्या जागी नुसते जाऊन बसावे असे सहसा सुचत नाही.

आम्ही मुंबईच्या एका वस्तीतल्या महिला मंडळाच्या सात जणी. सातांपैकी चौघींचे मालक गेलेले. कुणाचे दारूने, कुणाचे छातीच्या दुखण्याने, एकीचे कामावर. मंडळात दर पौर्णिमेला वंदना होते, बचत गटाचा हिशेब होतो, आणि मग चहाच्या वेळी जे बोलायचे ते बोलणे होते. त्या बोलण्यातून हा पुण्याचा बेत निघाला. कारण घडले ते असे, की वस्तीत एक मंगल परिणय होता. नवऱ्या मुलाची सख्खी आत्या, जिने त्याला अंगाखांद्यावर वाढवले, ती तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लावायला पुढे झाली. तेव्हा मुलीकडच्या एका जाणत्या बाईने तिचा हात धरून हळूच म्हटले, ‘‘तुम्ही नका, दुसऱ्या कुणाला तरी लावू द्या.’’ आत्या गप मागे सरली आणि पंगतीलाही बसली नाही. लग्न बौद्ध पद्धतीने, त्रिसरण-पंचशील झाले, बावीस प्रतिज्ञांची फ्रेम भिंतीवर, आणि विधवेचा हात मात्र मेणबत्तीला नको!

वाचक भगिनींनो, ही गोष्ट एकट्या आमच्या वस्तीची असती तर इथे लिहिली नसती.

तर पहाटेच्या गाडीने पुणे गाठले. स्टेशनवर डबे उघडले, चपाती-चटणी खाल्ली. फुले वाड्याला जायचे म्हणजे गंज पेठ. आता तिचे नाव महात्मा फुले पेठ आहे, पण जुन्या लोकांच्या तोंडी गंज पेठच. स्वारगेटपासून जवळ. वाटेत लाकडाच्या वखारी, भंगाराची दुकाने, हातगाड्या, दाटीने बसलेली घरे. आपल्यासारख्या कष्टकऱ्यांचीच वस्ती, त्यामुळे आम्हाला कुठे परके वाटले नाही. पुण्यातली बाकीची स्मारके बघायला जाणारी मंडळी इकडे फारशी फिरकत नाहीत. त्यांचे नुकसान.

वाडा म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढे सरदारांचा दिंडी दरवाजा होता. आत आलो तर कौलारू, बसके, साधे घर. भिंतींवर जोतीराव आणि सावित्रीमाईंच्या आयुष्यातले प्रसंग चितारलेले. अंगणात पाण्याची जागा. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला तो इथे. महाडचे चवदार तळे १९२७ चे, म्हणजे एकोणसाठ वर्षे आधी! एकीने पायातल्या चपला बाजूला काढल्या आणि कठड्याला हात लावून नुसती उभी राहिली. बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर फुल्यांना गुरू का मानले, हे सांगायला दुसऱ्या कुणाची गरज नाही.

याच घरात १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह निघाले. ज्या विधवांना फसवून लोक नामानिराळे होत, त्यांनी विहीर जवळ करायची किंवा पोराचा गळा दाबायचा, एवढीच वाट समाजाने ठेवली होती. सावित्रीमाईंनी त्यांची बाळंतपणे केली. स्वतःला मूल नव्हते. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी पोटाशी धरला, त्याचे नाव यशवंत, त्याला डॉक्टर केले. म्हणजे नवरा गेलेल्या बाईचे दुःख या घराने, आपल्यावर ती वेळ येण्याच्या आधी सत्तावीस वर्षे, ओसरीवर घेतले होते.

ती वेळ आली १८९० साली. त्याच्या दोन वर्षे आधी, १८८८ मध्ये, जोतीरावांना पक्षाघात झाला आणि उजवी बाजू लुळी पडली. तरी हा माणूस डाव्या हाताने लिहीत बसला आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरे केले. ते छापून आले तेव्हा ते नव्हते. त्या काळात घरात पैसा किती होता, औषधाला काय लागे, रात्री कूस कोण बदलत असेल, याचा विचार आमच्यातल्या एकीच्या मनात आला, कारण तिने आपल्या मालकाचे तीन वर्षे अंथरुणात केले आहे. ती म्हणाली, ‘‘पुस्तक त्यांनी लिवलं, पण दौत हिनंच धरली असंल.’’ असे कुठे लिहिलेले आम्ही वाचलेले नाही. पण ज्या बाईने लकवा झालेल्या माणसाला घास भरवला आहे, तिचे म्हणणे आम्ही खोडून काढले नाही.

२८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. आपला देह मिठात पुरावा अशी त्यांची इच्छा होती, घरामागे खड्डाही खणून ठेवला होता. नगरपालिकेची परवानगी मिळाली नाही, म्हणून दहन करावे लागले. प्रेत उचलायच्या वेळी भाऊबंदांनी वाद काढला. यशवंत दत्तक, त्याला टिटवे धरायचा काय हक्क? भावकी ही भावकीच! घरात प्रेत, बाहेर तंटा. तेव्हा सावित्रीमाई पुढे झाल्या, टिटवे स्वतः हातात घेतले आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालू लागल्या. एकोणसाठ-साठ वर्षांची बाई, जिने त्या दिवशी कोपऱ्यात डोके झाकून बसायचे अशी रीत होती, ती पुण्याच्या रस्त्याने सगळ्यांच्या पुढे!

त्याच १८९० च्या साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करायचे नाही म्हणून संप केला होता. कात्री चालवणाऱ्या हातांनीच नाही म्हटले. ज्या समाजाची रीत तिथे मोडली, तो समाज आपला नव्हे. तरी सव्वाशे वर्षांनंतर आमच्या लग्नात मेणबत्तीवरून हात मागे ओढला जातो. हे कोणाकडून आले आणि कधी आले, याचा शोध घरोघर घ्यायला हवा.

वाड्याच्या मागच्या अंगाला जोतीरावांची समाधी आहे. आम्ही तिथे बसलो. कोणी भाषण केले नाही. आत्या मात्र बोलू लागली, आणि आम्ही तिला मध्ये तोडले नाही. तिचे मालक कापडगिरणीत होते. १९८२ च्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच, पुढे त्यांनी हातगाडी ओढली. पण दर रविवारी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मधले एक पान मोठ्याने वाचायचे. आत्याला वाचता येत नाही. ते गेल्यावर पुस्तक कपाटात गेले आणि वर्षभर निघाले नाही. ‘‘आवाजच नाही तर पुस्तक काय करू?’’ असे ती म्हणायची. आता शेजारची सातवीतली पोर रविवारी येते. पोर अडखळते तिथे आत्या पुढचा शब्द आपणच सांगते, इतके कानात बसले आहे! पोरीला ती एक रुपया देत नाही, दोन भाकऱ्या आणि मायेची पाठथोपट देते. पोरीचा बाप नाही.

सावित्रीमाईंनीही आठवण अशीच कामाला लावली. ‘काव्यफुले’ हा त्यांचा पहिला संग्रह १८५४ चा, तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या. त्यानंतर शाळा, दुष्काळ, सत्यशोधक समाज यांत आयुष्य गेले. जोतीराव गेल्यावर, १८९२ साली, ‘बावन्नकशी सुबोध रत्नाकर’ आले, त्यात जोतीरावांचे चरित्र पद्यात आहे. घरचा माणूस गेला की त्याच्या वस्तू ट्रंकेत जातात. माईंनी आपला माणूस लोकांच्या हाती दिला. आणि काम थांबवले नाही. १८९३ साली सासवडला सत्यशोधक समाजाची परिषद भरली, तिच्या अध्यक्षस्थानी त्याच होत्या. ज्या काळात विधवेचे तोंड सकाळी दिसू नये म्हणत, त्या काळात अध्यक्ष!

इथे आम्हाला बाबासाहेबांची आठवण येणे साहजिक होते. माता रमाई २७ मे १९३५ ला राजगृहात गेल्या. चार लेकरे मातीआड केलेली, बॅरिस्टराची बायको असून शेणी थापलेली ती माउली. बाबासाहेबांचे दुःख केवढे असेल! त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, १३ ऑक्टोबरला, येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. पुढे ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ त्यांनी आपल्या ‘रामू’च्या स्मृतीला अर्पण केला आणि तिचे चांगुलपण, तिने दैन्याच्या दिवसांत दिलेली साथ त्यात मांडली. पाकिस्तानच्या राजकारणावरचे पुस्तक आणि पहिल्या पानावर रमाई! पुरुषानेही बायकोची आठवण अशी उघड काढावी, हे आमच्या घरातल्या पुरुषांना वाचून दाखवायला हवे.

दुपारी बसने मुंढव्याकडे निघालो. मुंढवा आता पुणे शहरात मुरला आहे. उंच काचेच्या इमारती, त्यांच्या दारात निळ्या गणवेशातल्या आपल्याच आयाबाया झाडू घेऊन. नदी आहे, पण तिच्याकडे बघवत नाही. या मुंढव्याच्या महारवाड्यात १८९७ साली प्लेग शिरला होता. पुण्याच्या प्लेगचे नाव निघाले की शाळेच्या पुस्तकातून रँडचा खून तेवढा आठवतो. प्लेगमध्ये कोणी कोणाला उचलले, ते मुलांना कोणी शिकवत नाही.

तेव्हा माईंची सून आधीच, १८९५ मध्ये, वारली होती. ज्यांनी न्हाव्यांचा संप घडवला ते लोखंडे त्या फेब्रुवारीत प्लेगनेच गेले. घर रिकामे, सोबती रिकामे, वय सहासष्ट. माईंनी डॉ. यशवंतला बोलावून घेतले आणि हडपसरच्या बाजूला ससाण्यांच्या मळ्यात, वस्तीपासून दूर, रोग्यांसाठी दवाखाना मांडला. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड या पोराला प्लेगची गाठ आल्याचे कळले. त्या गेल्या आणि पोराला पाठीवर घेऊन मळ्याकडे चालत आल्या. रोग त्यांना लागला. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

मुंढव्याहून हडपसरकडे आम्ही थोडे अंतर मुद्दाम पायी गेलो. ऊन चढले होते, गाड्यांचा धूर, फुटपाथ मध्येच संपणारा. आमच्यातली धाकटी, जी मालकाच्या जागी वारस म्हणून सफाईच्या कामावर लागली आहे, तिने आपली पिशवी आणि आत्याचीही पिशवी घेतली होती. थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘दहा वर्षांचं पोर म्हटलं तरी वीस-पंचवीस किलो. आणि तापानं फणफणलेलं.’’ पुढे कोणी काही बोलले नाही. प्लेग कसा पसरतो, हे डॉक्टरच्या आईला ठाऊक नसेल असे आम्हाला वाटत नाही. तरी तिने उचलले. करुणा हा शब्द आपण वंदनेत म्हणतो. तिचे वजन किती, ते त्या रस्त्यावर थोडे कळले.

कोणाला जायचे असेल तर थोडे सांगून ठेवतो. नायगाव, म्हणजे माईंचे जन्मगाव, सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात आहे. पुणे-सातारा रस्त्यावर शिरवळ उतरून आत जावे लागते. तीन जानेवारीला तिथे मोठी गर्दी होते. एक जानेवारीला भीमा कोरेगावला येणाऱ्यांना दोन दिवस अधिक काढता आले तर दोन्ही होते. भिडे वाडा, जिथे १८४८ ची मुलींची शाळा भरली, तो मात्र आता जुन्या रूपात दिसायचा नाही. पडायला आलेली ती इमारत कोर्टाचा निकाल लागल्यावर २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडली. शाळेच्या वयाची मुले असतील तर सोबत न्यावीत. चपाती न्यावी, पाणी न्यावे.

परतीच्या गाडीत हेरवाडची गोष्ट निघाली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या या गावाच्या ग्रामपंचायतीने २०२२ साली ठराव केला, की नवरा मेल्यावर बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचे नाही, जोडवी काढायची नाहीत. शासनानेही मग त्याचे अनुकरण करायला सगळ्या ग्रामपंचायतींना सांगितले. एका गावाला जमते, तर आमच्या विहाराला का जमू नये? येत्या पौर्णिमेला हा विषय मांडायचे लोणावळ्याच्या आतच ठरले.

आत्याच्या धाकट्या मुलाचे लग्न वैशाखात आहे. मजकूर छापखान्यात गेला आहे. प्रतिमापूजन आणि दीपप्रज्वलन वराच्या मातोश्रींच्या हस्ते होईल, असे पत्रिकेत आम्ही ठळक टाईपात घालायला सांगितले आहे.