टोकियोचं डिस्ने? बुधवारी जा, पावसात जा!

४ मे २०२३. सकाळचे साडेदहा. टोकियो डिस्नेसीमधल्या एका कठड्यावर माझे बाबा गुडघा चोळत बसले होते. आई पर्समध्ये बामची बाटली शोधत होती आणि मी समोरची पाटी पुन्हा पुन्हा वाचत होते, जणू काही वाचून आकडा बदलणार होता. वेटिंग टाइम १४० मिनिटं. एका राइडसाठी!

बाबांनीही पाटी वाचली. ‘‘एवढ्या वेळात मी डोंबिवलीहून व्हीटीला जाऊन परत येतो,’’ म्हणाले.

बत्तीस वर्षं लोकलने अप-डाऊन केलेल्या माणसाचा हिशेब. चुकणार कसा?

खरं तर चूक माझी होती. मी राहते निशी-कसाईला. टोकियोच्या एदोगावा वॉर्डातला हा भाग म्हणजे इथली मिनी इंडियाच. २००० सालच्या आसपास वायटूकेच्या कामांसाठी आपली आयटीची मंडळी आली ती इथेच रमली. आता खाली उतरलं की तूरडाळ, पोहे, कढीपत्ता सगळं मिळतं आणि बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये मराठी कानावर पडतं. इथून डिस्ने म्हणजे अगदी उशाला. बसने कसाई रिंकाई पार्क गाठायचं, तिथून केइयो लाइनचं पुढचंच स्टेशन माइहामा. एवढ्या जवळ आहे म्हटल्यावर कसला प्लॅन नि कसलं काय! ऑफिसला ३ ते ७ मे अशी सलग पाच दिवस सुट्टी, आई-बाबा नुकतेच आलेले. मी तिकिटं काढून टाकली.

ऑफिसला सुट्टी होती, कारण अख्ख्या जपानलाच सुट्टी होती. २९ एप्रिलला शोवा दिन, ३ मेला संविधान दिन, ४ ला हरित दिन, ५ ला बालदिन. मध्ये शनिवार-रविवार चिकटले की झाला गोल्डन वीक. आपल्याकडे दिवाळी आणि मे महिना एकाच आठवड्यात कोंबला तर जे होईल, ते. त्यात त्या एप्रिलमध्ये टोकियो डिस्नेलँडला चाळीस वर्षं पूर्ण झाली होती. (उद्घाटन १५ एप्रिल १९८३. आणि हो, नाव टोकियोचं असलं तरी पत्ता शेजारच्या चिबा प्रीफेक्चरचा, उरायासू शहराचा. आपल्या विमानतळांसारखंच.) समुद्राची थीम असलेलं डिस्नेसी हे तिथलंच दुसरं पार्क, २००१ मध्ये सुरू झालेलं.

दुपारी दोनला आम्ही बाहेर पडलो. कमाई काय, तर एक बोट आणि तीन आइस्क्रीम. व्हीलचेअर भाड्याने मिळते, पण बाबांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुन्हा विषय काढला नाही. गाडीत बसल्यावर म्हणाले, ‘‘पार्क छान आहे गं. पण आपण संध्याकाळी सहाची विरार पकडली.’’

हे एवढं मनाला का लागावं? कारण नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर ‘डकटेल्स’ आणि ‘टेलस्पिन’ लागायचं तेव्हा माझ्या शेजारी चहाची बशी घेऊन कोण बसायचं, तर बाबा. मला समजावून सांगायच्या नावाखाली स्वतःच बघायचे. आठवड्यातली एक सुट्टी, तीही त्यांनी अंकल स्क्रूजला दिली होती. आता वय अडुसष्ट, ऑगस्टमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं. पुन्हा एवढा विमानप्रवास होईल की नाही, हा प्रश्न घरात कोणी मोठ्याने विचारत नव्हतं. आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्यांची परतीची फ्लाइट.

म्हणजे माझ्या हातात एकच चान्स होता.

ऑफिसात माझ्या शेजारच्या डेस्कवर बसणारी सहकारी डिस्नेची वारकरी आहे. वर्षाला पंधरा-वीस वाऱ्या. मी तिला ऐटीत सांगितलं, ‘‘या वेळी १५ जून. आठवड्याच्या मधला दिवस आहे, कॅलेंडरवर लाल रंग नाही.’’ ती एवढी हसली की तिचा मास्क खाली आला. १५ जून म्हणजे चिबा प्रीफेक्चरचा दिवस. कॅलेंडरवर कुठेही दिसत नाही, ऑफिसं चालू असतात, पण चिबातल्या सरकारी शाळा बंद! आणि शाळा बंद असल्यावर चिबातली पोरं कुठे जाणार?

मग तिने मला तासभर शिकवलं. त्यातली मेख अशी, की डिस्नेची गर्दी ऑफिसच्या कॅलेंडरवर चालत नाही, शाळेच्या कॅलेंडरवर चालते. १ ऑक्टोबर टोकियोचा दिवस, १३ नोव्हेंबर इबाराकीचा, १४ नोव्हेंबर साइतामाचा. या दिवशी त्या-त्या भागातल्या बऱ्याच शाळांना सुट्टी असते. सोमवार म्हणजे रिकामा, असं आपण धरून चालतो ना? इथे शाळेचं स्पोर्ट्स डे वीकेंडला होतं आणि बदली सुट्टी सोमवारी मिळते. शिवाय जपानने काही राष्ट्रीय सुट्ट्या मुद्दाम सोमवारला बांधून टाकल्या आहेत. जानेवारीतला दुसरा सोमवार तर वीस वर्षांच्या पोरा-पोरींचा. उरायासू शहर आपल्या तरुणांचा सज्ञान होण्याचा सोहळा थेट डिस्नेलँडमध्ये करतं. किमोनो घातलेल्या मुली नि मिकी माउस, फोटोला झकास! राइडला जायचं असेल तर दुसरा दिवस बघा.

आता तुमच्यापैकी जे साकुराचा प्लॅन करताहेत त्यांनी कान देऊन ऐका. जपानी शाळेचं वर्ष मार्चमध्ये संपतं आणि एप्रिलमध्ये सुरू होतं. म्हणजे तुमची चेरीची फुलं आणि त्यांची स्प्रिंग व्हेकेशन एकाच वेळी. साकुरा जरूर बघा, पण डिस्ने त्याच आठवड्यात उरकायचा हट्ट नको. दिवाळीच्या सुट्टीत आलात तर आधी हॅलोविनचा सीझन, मग ते नोव्हेंबरमधले दोन चोर दिवस आणि मग ख्रिसमस. ऑगस्टच्या मध्यात ओबोन, आपल्या गणपतीसारखीच सगळ्यांची गावाला जायची घाई. मग उरतं काय? जानेवारीतला तो सोमवार उलटल्यानंतरचे वीकडेज. टोकियो बेवरून बोचरं वारं येतं, पण दोन स्वेटर घातले की भागतं. आणि जून. जूनमध्ये तिथे पावसाळा, त्याला त्सुयू म्हणतात. जपानी माणूस पावसात पिकनिकचा बेत करत नाही. आपण मात्र पावसाळ्यातच लोणावळ्याला जाणारी माणसं!

एक सोपी युक्तीही तिने दाखवली. मार्च २०२१ पासून तिकिटाचा दर दिवसागणिक बदलतो. आमच्या वेळी मोठ्यांचं तिकीट ७,९०० ते ९,४०० येन होतं, ऑक्टोबर २०२३ मध्ये वरचा दर १०,९०० झाला. गर्दीचा अंदाज सांगणाऱ्या शंभर साइट्स आहेत, पण ज्यांच्याकडे खरा डेटा आहे ते स्वतःच किमतीतून सांगताहेत की कुठल्या दिवशी किती माणसं येणार. महिन्याचं दरपत्रक उघडा, सगळ्यात स्वस्त दिवस बघा, त्यातले सोमवार-शुक्रवार खोडा. झालं!

आम्ही जूनच्या तिसऱ्या आठवड्यातला बुधवार धरला. मी रजा टाकली. बॉसने कारण विचारलं नाही. मी सांगायला तयार होते.

आदल्या रात्री मी टेबलावर नकाशा पसरून बसले. आत गेलं की पब्लिक दोन दिशांना पळतं. डावीकडे टॉय स्टोरी मेनिया, उजवीकडे सोअरिंग. कुठून सुरुवात करायची या विचारात असताना बाबा मागून आले, चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘‘गर्दीच्या मागे कशाला धावतेस? उलटं जाऊ. आम्ही कल्याणला जाऊन बसायचो तसं.’’

डोंबिवलीकरांना सांगायला नको. व्हीटीला जायचं, पण आधी उलटं कल्याणला जायचं, तिथून सुटणाऱ्या गाडीत खिडकी पकडायची आणि आपल्याच स्टेशनवर लटकणाऱ्यांकडे शांतपणे बघायचं. मी ऑफिसात वर्कफ्लो ऑप्टिमाइझ करते. त्याचे मला पैसे मिळतात. हे मला सुचलं नव्हतं.

तर बुधवार. पार्क उघडायच्या तासभर आधी आम्ही माइहामाला. रिमझिम चालू. बाहेरचा डबा आत नेता येत नाही, म्हणून आईने केलेल्या दशम्या नि शेंगदाण्याची चटणी गेटबाहेरच पिकनिकच्या जागेत संपवली. शंभर येनच्या दुकानातले तीन रेनकोट, पारदर्शक. आई म्हणाली, आपण तिघं पॅक केलेल्या साड्यांसारखे दिसतोय.

गेट उघडलं. लोक डावी-उजवीकडे सुटले. घाईने चालणाऱ्या जपानी माणसाचा वेग बघण्यासारखा असतो, पळतही नाहीत आणि सापडतही नाहीत. आम्ही ज्वालामुखीला वळसा घालून सरळ मागे, अरेबियन कोस्टला निघालो. रस्त्यात चिटपाखरू नाही. बाबा सावकाश चालत होते, कोणी धक्का देत नव्हतं, कोणी मागून ‘सुमिमासेन’ म्हणत नव्हतं. दोनदा थांबले, गुडघ्यासाठी नव्हे, फोटोसाठी.

तिथे सिंदबादची बोट आहे. ही राइड कोणाच्याच टॉप फाइव्हमध्ये नसते. उंचावरून पडत नाही, गरगर फिरवत नाही. पण बोटीमागून बोटी सुटत राहतात, त्यामुळे साध्या दिवशी रांग जवळपास नसतेच. आम्ही थेट चढलो. दहा मिनिटांचा प्रवास. बाहुल्या हलतात, गातात, समुद्र, राक्षस, माकडं, खजिना. आणि सिंदबादच्या बरोबर प्रत्येक प्रसंगात फेटा बांधलेलं वाघाचं एक पिल्लू.

‘‘याचं नाव काय?’’ बाबांनी विचारलं.

‘‘चंदू.’’

‘‘काय?’’

‘‘चंदू, बाबा. खरंच. डिस्नेने ठेवलंय.’’

बाबा असे हसले की पुढच्या बोटीतल्या आजीबाईंनी वळून बघितलं. त्यांच्या ऑफिसात एक चंदू होता म्हणे, चौथ्या सीटवर बसायचा आणि कधीच उठायचा नाही. उतरल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘परत जाऊ या का?’’ गेलो. मग आईला वल्हवणाऱ्यांचं गाणं आवडलं म्हणून पुन्हा. शेवटी चार वेळा झाली. चौथ्यांदा बोटीवरच्या मुलीने बाबांना ‘ओकाएरिनासाइ’ म्हटलं. मी अर्थ सांगितला, घरी परत आलात, या. बाबांनी तिला वाकून नमस्कार केला, जपानी स्टाइलने, गुडघा न दुमडता.

बाकीचा दिवस मग आपोआप पार पडला. पावसाचा जोर वाढला तेव्हा मर्मेड लगूनमध्ये घुसलो, त्याचा मोठा भाग छताखाली आहे. सोअरिंगची रांग बुधवारीही लांबलचक होती, हे कबूल करायला हवं. तिथे मी मे २०२२ मध्ये सुरू झालेला प्रीमियर अ‍ॅक्सेस मोबाइलवर घेतला, माणशी दोन हजार येन. आपल्या मध्यमवर्गीय मनाला हे पटत नाही, आईलाही पटलं नाही. पण १४० मिनिटं उभं राहण्यापेक्षा सहा हजार येन स्वस्त, असं बाबा म्हणाले आणि विषय संपला. खुर्चीत बसून जगभर उडायचं. मध्येच खाली ताजमहाल आला. ‘‘आग्र्याला नाही नेलंत ते नाहीच,’’ आई अंधारात म्हणाली.

टॉवर ऑफ टेरर आम्ही केला नाही. टॉय स्टोरी नाही. माझ्या सहकारीणीला हे सांगितलं तेव्हा तिने अशी मान हलवली, जणू मी पंढरपूरला जाऊन विठोबा न बघता आले. पण आम्ही तिघं सकाळपासून रात्री आठपर्यंत आत होतो आणि बाबांनी बामची बाटली मागितली ती घरी आल्यावर.

ऑपरेशन नीट झालं. बाबा आता काठीशिवाय गांधीनगरच्या गणपतीपर्यंत जातात. येताना घेतलेला चंदू डोंबिवलीला टीव्हीच्या बाजूला ठेवलाय. धूळ बसेल म्हणून प्लास्टिकच्या पिशवीतून अजून बाहेर काढलेला नाही.