एका संगणकात तीन संगणक

आम्हा दोघी बहिणींना नेटवर्किंग शिकायचे होते. राउटर, स्विच विकत घेणे अब्बांच्या शिलाईच्या कमाईत बसणारे नव्हते. घरच्या वायफायवर प्रयोग करावेत, तर त्यावरच अब्बांच्या ऑर्डरी येतात; ते एक तासही बंद पडून चालत नाही. घरात होता फक्त भाईजानचा जुना, ८ जीबी रॅमचा संगणक.

त्यावर आम्ही व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर टाकले. ते संगणकाच्या मेमरीचे वाटे करून आत वेगवेगळे संगणक उभे करते. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आम्ही डेबियन लिनक्सची तीन मशीन केली. नुसत्या काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायच्या असल्याने प्रत्येकी ५१२ एमबी पुरले. मधल्या मशीनला दोन नेटवर्क कार्डे देऊन राउटर केले. एका बाजूला १९२.१६८.१०.०, दुसऱ्या बाजूला १९२.१६८.२०.०. 'इंटर्नल नेटवर्क' निवडल्याने घरचे वायफाय यापासून अलग राहिले.

लिनक्समध्ये एकीकडचा डेटा दुसरीकडे पोचवण्याची सोय मुळात बंद असते. ती सुरू केली, दोन्ही टोकांना गेटवे सांगितला, तेव्हा कुठे पिंगला उत्तर आले.

आता एकीने मुद्दाम बिघाड करायचा, दुसरीने शोधायचा. आधी स्नॅपशॉट घेतलेला असतो, त्यामुळे सारे पूर्ववत करता येते. केबलला टोक बसवणे मात्र यात शिकता येत नाही. ते हातानेच शिकावे लागेल. पण बिघाड कुठे शोधायचा, हे कळण्यासाठी महागडी यंत्रे घरी येण्याची वाट पाहायला नको.